हयात माणसाची पत्रिका

फुकटातल्या सॉफ्टवेअरवर ताईचा जीव जडला, तो काही ते फुकट होतं म्हणून नव्हे. कारण वेगळंच होतं, आणि ते तिने क्लासमध्ये कुणाला सांगितलं नाही, घरी नवऱ्याला तर नाहीच नाही.

क्लास भरायचा वाचनालयाच्या मागच्या खोलीत, शनिवारी दुपारी. एक लांब टेबल, सहा खुर्च्या, त्यातली एक डुगडुगती, आणि भिंतीशी रचलेली जुन्या मासिकांची चळत. विषय ऐकूनच लोक हसायचे. दोन हजार वर्षांपूर्वीचे ग्रीक ज्योतिषी काळ कसा मोजायचे, म्हणजे आयुष्यात काय होणार यापेक्षा ते कधी होणार हे कसं काढायचे, ते शिकायचं. शिकवायच्या त्या एक निवृत्त मास्तरीण. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. बाईंचा आवाज असा खणखणीत, की पलीकडे पेपर वाचत बसलेले म्हातारेही दोन महिन्यांत अर्धेमुर्धे ज्योतिषी झाले असतील.

ताईचं दुकान होतं कपडे दुरुस्तीचं. कुणाची कंबर सैल करून दे, कुणाची चेन बदल, कुणाच्या मेलेल्या बापाचा कोट मुलाच्या अंगाला बसवून दे. दिवसभर तोंडात टाचण्या आणि गळ्यात टेप. हाताला यश होतं तिच्या, पण बोलायला फटकळ. एका गिऱ्हाइकाने विचारलं, या पँटमध्ये मी बारीक दिसेन का, तर म्हणाली, पँट मी बारीक करते, माणसं नाही करत.

असल्या बाईने ग्रहगोलांच्या नादी लागावं याचं नवल वाटेल. पण तिला एक प्रश्न विचारायचा होता. एकुलता एक मुलगा होता तिला. लहानपणी बिस्किटं उशीच्या अभ्र्यात, बापाच्या बुटात, शिवणयंत्राच्या खणात लपवून ठेवायचा, म्हणून सगळे त्याला खारू म्हणत. दोऱ्याची रिकामी रिळं एकाला एक जोडून दोन खुर्च्यांच्या मधे पूल बांधायचा आणि त्यावरून मुंग्या सोडायचा. एकोणीस वर्षांचा होता, मैदानावर फुटबॉल खेळता खेळता खाली बसला आणि उठलाच नाही. हृदयात जन्मापासून दोष होता म्हणे. डॉक्टर म्हणाले, आधी कळलं असतं तर नक्की काही करता आलं असतं.

कळलं असतं तर! या शब्दांनी ताईला आतून उसवलं ते उसवलंच. घरात मग एक अजब रीत पडली. तो गेला असं दोघांपैकी कुणीच म्हणायचं नाही. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. मुळातच मुखदुर्बळ माणूस. तो ‘त्याच्या आधी’ म्हणायचा, ती ‘तेव्हापासून’ म्हणायची, आणि मधला शब्द दोघंही ओलांडून जायची, जसं तुटक्या पायरीवर कुणी पाय देत नाही. अशी पाच वर्षं गेली. मग वाचनालयाच्या दारावर क्लासची पाटी दिसली, आणि ताईला वाटलं, विचारून तर बघू. कुठेतरी लिहिलेलं होतं का? कुणाला तरी कळण्यासारखं होतं का?

बाईंनी आधी शिकवला वर्षाचा धनी. म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेल्या राशीपासून दरवर्षी एक घर पुढे सरकायचं, आणि त्या घराचा मालक ग्रह त्या वर्षाचा कारभारी. हे बोटांवर मोजता यायचं. पुढचे मात्र होते टप्पे. पत्रिकेतल्या एका ठरावीक बिंदूपासून सुरुवात करून अख्खं आयुष्य लहानमोठ्या टप्प्यांत कापायचं, टप्प्याच्या पोटात टप्पा, त्याच्या पोटात आणखी एक. ते हाताने करायचं म्हणजे डोक्याचा भुगा, म्हणून सॉफ्टवेअर. बाईंनी तीन सांगितली. एक फुकटातलं. एक निळं, त्याची पाटी निळी होती म्हणून, त्याला थोडे पैसे पडायचे. आणि एक महागडं, ते इतक्या सुंदर पत्रिका काढायचं की बघणाऱ्याला आपलं नशीबही तसंच असेल असं वाटावं. कुठलं खरं, यावर क्लासमध्ये सहा माणसांची सात मतं होती.

ताईने फुकटातलं उघडलं. फुकट ते पौष्टिक, दुसरं काय. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिने खारूची जन्मतारीख, वेळ आणि गाव भरलं आणि कळ दाबली. रकाने आले. ती एकोणिसाव्या वर्षापाशी गेली, तो दिवस शोधला. तिला वाटलं होतं तिथे काहीतरी काळं असेल, निदान लाल अक्षरं असतील. काही नव्हतं. साधा टप्पा, साधा दिवस, आदल्या दिवसासारखा. मग तिच्या लक्षात आलं की रकाने तिथे थांबलेलेच नाहीत. विसावं वर्ष होतं, एकविसावं होतं. खाली खाली जावं तर तिशी, चाळिशी, पन्नाशी. नव्वदीपर्यंत खारूचं आयुष्य नीट कापून, घडी घालून ठेवलेलं होतं. त्या बिचाऱ्या सॉफ्टवेअरला कुणी सांगितलंच नव्हतं.

आधी तिला राग आला. मग ती वाचायला लागली. चोविसाव्या वर्षी घराबाहेर पडणं, कामात नाव. सव्विसाव्यात जोडीदार. ती वाचत राहिली आणि चहा गार झाला. म्हणून जीव जडला, समजलं का? दुसऱ्या कुणाकडे तिच्या पोराचं पुढचं नव्हतं.

एवढ्यावर राहिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण बाईंच्या क्लासची एक रीत होती. प्रत्येकाने आपल्या जवळच्या एकाची पत्रिका नावाशिवाय आणायची, ती दुसऱ्याने वाचायची, आणि आणणाऱ्याने खरंखोटं सांगायचं. त्याशिवाय विद्या पारखणार कशी? अट एकच, पत्रिका हयात माणसाची हवी. मेलेल्याची आणली की पोरं मरण शोधत सुटतात, बाकीचं शिकतच नाहीत, असा बाईंचा अनुभव. ताईने अट ऐकली आणि खारूचीच पत्रिका पुढे सरकवली. का, ते तिला विचारू नका. हात पुढे झाला तो झाला.

ती पत्रिका आली मोजणीकाकांच्या वाट्याला. जन्मभर जमिनी मोजलेला माणूस, निवृत्त, अंगाने काटकुळा, शर्टाच्या खिशात कायम दोन पेन्सिली. एकदा मोजलं तर अंदाज, दुसऱ्यांदा मोजलं तर शंका, तिसऱ्यांदा जुळलं तरच माप, हे त्यांचं ब्रीद. त्यांनी चष्मा वर-खाली केला आणि सावकाश वाचलं, हा मुलगा यंदा घर सोडून बाहेर पडतो. काम हाताचं, पण डोकं चालवून करायचं. वरच्यांची नजर पडते त्याच्यावर. मग त्यांनी ताईकडे पाहून विचारलं, बरोबर आहे का?

पाच वर्षांत खारूबद्दल कुणी ‘करतो, पडतो, जातो’ असं बोललं नव्हतं. ताई खुर्चीत पुढे सरकली. ती म्हणाली, अगदी बरोबर. आमचा खारू पूल बांधणाऱ्या कंपनीत लागला, आत्ताच परगावी गेला.

झालं. एका खोट्याला उभं ठेवायचं तर दहा खोट्यांचे टेकू लागतात. दर दोन-तीन महिन्यांनी काका विचारायचे, खारूचं काय म्हणतंय, आणि ताई घरी येऊन फुकटातलं उघडायची. आधी टप्पा बघायचा, मग त्यात नेमकी मावेल अशी घटना बेतायची. कापड बघून शर्ट बेतावा तशी. हाताला सवय होतीच. नोकरी कायम झाली. स्वतःची खोली घेतली. साहेबाने पाठ थोपटली. सव्विसाव्यात लग्न ठरलं, मुलगी दातांची डॉक्टर. सूनही ताईने आपल्या पसंतीची बेतून घेतली, त्यात कंजुशी कशाला? आणि प्रत्येक तारीख टप्प्यात अशी चपखल बसायची की काका थक्क. ‘काय माप आहे!’ म्हणायचे, आणि त्यांच्या तोंडून ते ऐकताना ताईला एक घटकाभर खरंच वाटायचं की पोरगं परगावी आहे, कामात आहे, म्हणून फोन करत नाही.

काका तिला घरी घेऊन जायला लागले. काकूंना मूलबाळ नव्हतं. मऊ बोलणाऱ्या, गोलमटोल, चालताना दम लागला की भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभं राहायच्या, म्हणजे दम लागला असं कुणाला वाटू नये. ताई दारात दिसली की पहिला प्रश्न, खारू काय म्हणतो? लग्न ठरल्याचं ऐकून त्यांनी सहा कपांचा संच आणला, पांढरा, कडेला बारीक निळी रेघ. खोका कपाटावर ठेवून दिला. म्हणाल्या, लग्नाला मी येणार हो, जिने असले तरी येणार. त्या दिवशी ताईने घरी जाताना कानाला खडा लावला की आता बास, पुढच्या शनिवारी सांगून टाकायचं. पुढच्या शनिवारी तिने सांगितलं की हॉल बघणं चाललंय.

आणि मग काकूंच्या छातीचं दुखणं निघालं. हृदयातली एक झडप नीट मिटत नव्हती. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, ऑपरेशन करा, लवकर करा, आत्ता अंगात ताकद आहे तोवर करा. तारीखही दिली. काकांनी ती तारीख पुढे ढकलली.

ताईला हे कळलं ते दुकानात, एका कोटाच्या अस्तराशी झटापट चाललेली असताना. काकांचा फोन आला. आवाज कोरडा. म्हणाले, ताई, दुकान बंद करून जरा येशील का? एक शेवटचं माप घ्यायचंय.

काकांच्या स्वयंपाकघरात टेबलावर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी मांडलेले होते. एकावर फुकटातलं, एकावर निळं. दोन्हींवर काकूंची पत्रिका. काकू आतल्या खोलीत उशांना टेकून पडल्या होत्या. त्यांचा खोकला मधूनमधून ऐकू येत होता. काकांनी ताईला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं, जणू जमिनीच्या हद्दीचा तंटा आहे. भानगड वर्षाच्या लांबीची होती. जुने ग्रीक टप्पे मोजताना वर्ष तीनशे साठ दिवसांचं धरायचे. फुकटातलं तसंच छोटं वर्ष धरतं. निळं धरतं आपलं नेहमीचं पूर्ण वर्ष. खारूसारख्या तरुण मुलाला फरक पडतो चार-पाच महिन्यांचा. पण तोच फरक साठत साठत काकूंच्या वयाला येईपर्यंत जवळजवळ वर्षभराचा होतो. फुकटातल्याच्या मते काकूंचा वाईट टप्पा सध्या चालू आहे, चार-पाच महिन्यांत संपेल, तोवर अंगाला सुरी लावायची नाही. निळ्याच्या मते तो टप्पा अजून यायचाय, आत्ता रस्ता मोकळा आहे, आजच्या आज करा.

डॉक्टर काय म्हणतात, ताईने विचारलं. काका म्हणाले, डॉक्टर म्हणतात चार महिने थांबणं म्हणजे जुगार. पण डॉक्टरांनी एकदाच मोजलंय. काकूंच्या आयुष्यावर पारखून बघावं तर तिला कसल्या तारखाच आठवत नाहीत. म्हणते, माझ्या आयुष्यात काय झालंय, लग्न झालं आणि स्वयंपाक झाला. क्लासमधल्या बाकीच्यांच्या हकिगती सगळ्या मोघम. नेमक्या तारखांची पत्रिका माझ्याकडे एकच आहे, तुझ्या खारूची. तू तारखेनिशी सांगितलेल्या त्याच्या चारही घटना फुकटातल्याशी जुळतात, निळ्याशी एकही नाही. म्हणून थांबावं असं माझं ठरत आलंय. फक्त लग्न ठरल्याची तारीख तुझ्या तोंडून पुन्हा ऐकायची आहे. तिसरं माप.

घटना फुकटातल्याशी जुळणारच की! फुकटातल्यावरूनच बेतल्या होत्या. एका मायेपोटी केलेली शिवण कुठल्या कुठे जाऊन बसली होती, बघा. आत काकू खोकतायत, कपाटावर कपांचा खोका आहे, आणि त्यांचं ऑपरेशन अडलंय ते मेलेल्या पोराच्या न झालेल्या लग्नावर.

पण माणसाचं मन फार चलाख. तिला लगेच पळवाट दिसली. तारीख बदलायची, बस! चार महिने पुढची सांगायची. निळं जिंकेल, काकूंचं ऑपरेशन होईल, आणि खारूही राहील. कुणाचंच काही जाणार नाही.

ती म्हणाली, काका, माझीच चूक झाली हो. लग्न त्या महिन्यात नुसतं बोलण्यात होतं, पक्कं झालं नंतर, चांगलं चार महिन्यांनी.

काकांनी तारीख बदलली. निळ्यावर ती बरोब्बर टप्प्यात बसली. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग विचारलं, नोकरी? ती पण उशिराच कायम झाली का? ताई म्हणाली, हो. आणि खोली घेतली ते? ते पण, म्हणाली. परगावी गेला ते? ताईने नुसती मान हलवली.

काका तिच्याकडे बघून हसले. ते हसणं तिला मारल्यासारखं लागलं.

‘‘ताई, मोजणीत एखादी खुंटी हलते,’’ ते म्हणाले. ‘‘गुराचा पाय लागतो, पाऊस येतो. पण चारही खुंट्या एकाच बाजूला, सारख्याच अंतराने हलल्या, तर त्या कुणीतरी हलवलेल्या असतात. तू काकूसाठी खोटं बोलते आहेस. तिची काळजी वाटते तुला, म्हणून मला घाई करायला लावते आहेस. माया कळते गं मला. पण मला आज माया नको, खरं माप हवंय.’’

घ्या! दोन वर्षं खोटं बोलली तेव्हा त्या सरळ माणसाने डोळे मिटून विश्वास ठेवला, आणि आज पकडली तेही उलट्या बाजूने. आता त्याच्या लेखी आधीचं सगळं खरं होतं आणि आजचं खोटं. तारखांशी खेळून आता काही होण्यासारखं नव्हतं. एकच गोष्ट उरली होती सांगायला. आतून काकू पुन्हा खोकल्या, लांब, आणि मधेच थांबल्या. ताईने टेबलाची कड धरली. तोंडात कायम धरलेल्या टाचण्या आत्ता नव्हत्या, तरी ओठ उघडेनात.

‘‘काका, खारू नाहीये.’’

‘‘नाहीये म्हणजे?’’

‘‘खारू गेला. एकोणीस वर्षांचा होता. तुम्ही त्याची पत्रिका पहिल्यांदा हातात घेतलीत, तेव्हा त्याला जाऊन पाच वर्षं झाली होती. नोकरी मी लावली त्याला. लग्न मी ठरवलं. फुकटातल्यात बघायचं आणि तसं सांगायचं, म्हणून ते जुळतं. तुम्ही तिसरं माप मागताय. पहिलंच नव्हतं हो काका.’’

ताईला थांबता येईना, शिलाई एका टोकाला सुटली की सरसर सुटत जाते तसं झालं. तिने सांगितलं की ज्या दिवशी तो गेला तो दिवस तिने फुकटातल्यात बघितलाय, निळ्यात बघितलाय, बाईंच्या महागड्यातही बघितलाय. कुठेही काहीही नाही. छोटं वर्ष धरा नाहीतर मोठं धरा, त्या दिवशी त्याने खेळायला जाऊन घरी परत यायला हवं होतं. मग तिचा आवाज चढला.

‘‘माझ्या पोराच्या हृदयाचं कुणाला कळलंच नाही. काकूंचं कळलंय. डॉक्टर तुम्हाला बोलावून सांगतायत. हे मला कुणी सांगितलं असतं ना, तर मी तारीख बघितली नसती, वार बघितला नसता, त्याला उचलून अनवाणी पळाले असते. आणि तुम्ही वर्ष किती दिवसांचं ते बघत बसलाय.’’

आता काका रागावतील, घराबाहेर काढतील, असं तिला वाटलं. रागावायला हवंच होतं त्यांनी. कुणीही रागावलं असतं. पण काका कपाटावरच्या खोक्याकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, ‘‘पण परवाच तर त्याला साहेबाने...’’ आणि थांबले. चष्मा काढला, पुसायला म्हणून, पण पुसला नाही. आणि तो काटकुळा, मोजूनमापून बोलणारा म्हातारा टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडायला लागला.

ताई बघतच राहिली. तिला कळेना की हे फसवलं म्हणून रडतायत का. मग कळलं. दोन वर्षं हा माणूस खारूला ओळखत होता. त्याची नोकरी कायम झाल्याचं घरी सांगत होता, त्याच्या लग्नाला कुठला कोट घालायचा ते ठरवत होता. त्याच्यासाठी खारू आज, आत्ता, या टेबलापाशी गेला होता. खारू गेला तेव्हा मैदानावरची सगळी पोरं आली होती, शेजारी आले होते, रडले होते, पण तेव्हा ताई दगड होऊन बसली होती, तिने कुणाचं रडणं ऐकलंच नव्हतं. आज ऐकलं. ती उठली आणि काकांच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. फिरवता फिरवता तिला खारूचं ते सगळं आठवायला लागलं जे तिने बेतलेलं नव्हतं. गणितात दोनदा नापास झाला होता. पूल बांधणाऱ्या कंपनीत त्याला कुणी उभं केलं नसतं. पायाला वास यायचा त्याच्या. तो गेल्यावर शिवणयंत्राच्या खणात एक बिस्किटाचा पुडा सापडला होता, एकोणीस वर्षांचा घोडा झाला तरी सवय गेली नव्हती. हे तिने काकांना सांगितलं, आणि सांगता सांगता तिचेही डोळे वाहायला लागले.

आतून काकूंनी विचारलं, कोण रडतंय हो? काका उठले, नळावर तोंड धुतलं, दोन्ही लॅपटॉप मिटले आणि हॉस्पिटलला फोन लावला. तारीख विचारली नाही. तुम्हाला लवकरात लवकर जमेल तेव्हा, एवढंच म्हणाले.

काकूंचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं आणि त्या वाचल्या, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला राहायचा. पुढे बऱ्या झाल्यावर त्यांनी तो खोका कपाटावरून उतरवला आणि त्यातल्याच कपांत ताईला चहा दिला. मोजणीकाका क्लासला पुन्हा आले नाहीत. बाईंना ताईने सगळं सांगितलं, तेव्हा बाई पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या.

पण ती नंतरची गोष्ट. त्या संध्याकाळी ताई चालत घरी आली. नवरा नुकताच कामावरून आला होता आणि मोरीत उभा राहून हाताचं ग्रीस काढत होता, नखांत ब्रश घालून, रोजच्यासारखा. गॅसवर चहाचं पाणी ठेवलेलं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिचा लॅपटॉप सकाळी राहिला होता तसाच उघडा होता. पडद्यावर खारूची पत्रिका होती आणि कोपऱ्यात त्याचं वय, सव्वीस. ते आपोआप वाढायचं. तिने तो मिटला नाही, नुसती बघत उभी राहिली.

नवऱ्याने पाठमोऱ्यानेच विचारलं, उशीर झाला गं?

‘‘अहो,’’ ती म्हणाली, ‘‘खारू गेला.’’

नळ चालू होता. त्याचे हात थांबले.

‘‘हो,’’ तो म्हणाला. ‘‘गेला.’’

मग त्याने नळ बंद केला आणि विचारलं, आज काय झालं? ती म्हणाली, मोजणीकाकांना सांगितलं. काय म्हणाले ते? काही नाही म्हणाले, रडले.

तो ओल्या हातांनी दारात आला. ग्रीस अर्धं निघालं होतं, अर्धं तसंच होतं. तिच्याकडे बघून म्हणाला, ‘‘मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरून रडायचो. तिथे वरून कुणाला दिसत नाही.’’

ताईने त्याचे ते काळे हात आपल्या हातांत घेतले. दोघं तिथेच दाराच्या उंबऱ्यावर बसली, आणि गॅसवरचं पाणी आटून भांडं तडतडायला लागलं तरी कुणी उठलं नाही.